गाउट, स्टिरॉइड आणि आईचं मोडलेलं मनगट: मदत हवी आहे

नमस्कार. आई ६६ वर्षांची, गाउट (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) आठ वर्षांपासून. गेल्या महिन्यात घरातच पाय अडखळला, हातावर पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं हे डॉक्टरांना खटकलं, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालीत.

मावशी म्हणते, युरिक ॲसिडने हाडं पोखरली. बाबा म्हणतात, वय झालं. मला तिसरीच शंका येतेय. अंगठा ठणकायला लागला की आई जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते. दोन दिवसांत सूज उतरते, त्यामुळे त्या गोळीवर तिचा भारी विश्वास. रिकाम्या पाकिटांचा हिशेब लावला (ती काहीच टाकून देत नाही, हे एरवी डोक्याला ताप) तर वर्षभरात निदान पाच कोर्स झालेत. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल १०० मिग्रॅ चालू आहे, पण तेही मधेच सोडते. युरिक ॲसिड ८.४, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३४.

दोष गाउटचा की गोळ्यांचा? आणि हाडांचं औषध कुणाकडून घ्यायचं?

प्रतिसाद १
मावशी अर्धी बरोबर आहे. युरेटचे (युरिक ॲसिडचे) खडे साठून गाठी झाल्या की सांध्याजवळचं हाड खरंच कुरतडलं जातं, एक्स-रेत कडेला खळगे दिसतात. पण खुब्याचं हाड विरळ होणं ही वेगळी गोष्ट. गाउटमुळे फ्रॅक्चर वाढतात का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. स्टिरॉइडबद्दल मात्र शंका नाही. रोज २.५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने चाललं की हाडांचा धोका तपासावा असं सांगतात, आणि तुटक कोर्सचीही बेरीज होते. शिवाय इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ते वाढतं आणि हाडंही त्याच सुमारास झिजू लागतात, त्यामुळे बाबाही अगदीच चूक नाहीत.

प्रतिसाद २
तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३४ आहे. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही हाडांची नेहमीची औषधं ईजीएफआर ३५ च्या खाली सहसा देत नाहीत. डेनोसुमॅब हे हाडांचं इंजेक्शन चालू शकतं, पण आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि दर सहा महिन्यांचा डोस चुकवायचा नाही. चुकला तर मणके मोडू शकतात. आईंचा गोळ्या सोडण्याचा स्वभाव डॉक्टरांना आधीच सांगा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचे डॉक्टर) गाठा, किडनीवाल्यांनाही विचारा.

स्टिरॉइड टाळायचं तर गाउटचे अटॅकच यायला नकोत. त्यासाठी युरिक ॲसिड ६ च्या खाली हवं. ॲलोप्युरिनॉल हळूहळू वाढवतात. सुरुवातीला अटॅक येऊ शकतात, तेव्हा घाबरून गोळी सोडू नये. सोबत अटॅक टाळायला कोल्चिसिन देतात, पण किडनी पाहून कमी डोसमध्ये.

आणि आईंची उंची मोजा, मणका दबून मोडला तर ती कमी होते. मणक्याचं फ्रॅक्चर कित्येकदा दुखतही नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आत्ताच भिंतीला उभं करून मोजली. जुन्या तपासणीच्या कागदावर १५७ सेंमी, आज १५२. दोनदा मोजली. उद्या डॉक्टरांना मणक्याच्या एक्स-रेबद्दल विचारते. प्रेडनिसोलोनचं पाकीट सध्या माझ्या पर्समध्ये आहे, आई बोलत नाहीये.