लुबानचं झाड पानं टाकतंय, तातडीने मदत हवी आहे

आरस्पानी: लुबानचं झाड (बॉसवेलिया सॅक्रा, ज्याचा सुगंधी डिंक धूप म्हणून जाळतात) आठवडाभर पानं टाकतंय. आधी पिवळी पडली, आता नुसता हात लागला की गळतात. खत घातलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही. मरतंय का? जरा लवकर सांगा.

बागवेडा: राहता कुठे? कुंडीत की जमिनीत? किती वर्षांचं? काहीच सांगितलं नाहीत.

रानवाट: लुबान म्हणजे आपली सालईच. मेळघाटात उन्हाळ्यात उघडीबोडकी उभी असते, मरत नाही. काही करू नका.

बागवेडा: रानवाट, सालई म्हणजे बॉसवेलिया सेराटा. हे ओमान, येमेन, सोमालियातलं. भाऊबंद आहेत, पण झाड तेच नव्हे.

रानवाट: वीस वर्षं सालई बघतोय. दोघांची साल कागदासारखी सुटते आणि दोघांनाही पाणी साचलेलं सोसत नाही. फरक पुस्तकात ठेवा.

सुगंधाताई: धुपासाठी हवं असेल तर सांभाळून. आपल्या बाजारात लोबान म्हणून बरेचदा वेगळ्याच, स्टायरॅक्सच्या झाडाचा ऊद देतात. निखाऱ्यावर टाकला की व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो.

आरस्पानी: ताई, धूप नकोय, झाड वाचवायचंय! मी मस्कतला असते. दक्षिण ओमानमधल्या सलालाहून आणलेलं चार वर्षांचं रोप आहे, प्लास्टिकची कुंडी, नर्सरीची काळी माती. रोज एक तांब्या पाणी घालायचे, गळती लागल्यापासून दोन. तिकडे पावसाळाभर धुकं असतं ना, म्हणून.

धोफारी: मी नऊ वर्षं सलालात होतो. खरीफचं, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचं, धुकं जून ते सप्टेंबर, तेही डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला. उत्तम लुबान होतो डोंगरापलीकडे, कोरड्या नज्द पठारावर. तिथली वादी दौका ही लुबानच्या झाडांची दरी २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे झाडाखाली माती शोधावी लागते, सगळे गोटे आणि रेती. पानांचं सोडा, मातीलगत बुंधा अंगठ्याने दाबून पाहा.

आरस्पानी: एका बाजूला रुपयाएवढी जागा मऊ लागतेय. वर कडक आहे. नखाने जरा खरवडलं तर आत हिरवं दिसलं आणि दुधी थेंब आला. वास लुबानचाच.

धोफारी: म्हणजे जीव आहे. आत्ताच्या आत्ता उपसा. कुजलेलं सगळं स्वच्छ सुरीने कापा, जखम सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या. मग मातीच्या कुंडीत खडी आणि जाडी वाळू जास्त, माती नावाला. आठवडाभर पाणी नाही. खत तर नवी पालवी येईपर्यंत नकोच.

रानवाट: वरची एक फांदी कापून रोवून ठेवा. सालईची फांदी लागते.

बागवेडा: ह्याची सहजी लागत नाही. आजारी झाडाला आणखी जखम कशाला?

आरस्पानी: उपसलं. बारीक मुळं काळी, चिखलासारखी सुटून आली, पण दोन जाड मुळं पांढरी आणि टणक आहेत! वाळू उद्या आणते. माझी बाल्कनी उत्तरेला आहे, थेट ऊन येत नाही. चालेल ना?

धोफारी: नाही चालणार. इमारतीच्या गच्चीची किल्ली मागा. पालवी फुटली की हळूहळू उन्हात सरकवा.