पाटी शेवटी वाचा
‘चित्रावरून कथा लिहायची तर आधी चित्रकाराचं चरित्र वाचा’ असं तुम्ही म्हणता, ते मला निम्मंच पटलं. इथे नागपुरात अजब बंगल्यात (१८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय) आम्ही काही जण वही घेऊन जातो. नियम एकच, चित्राशेजारची माहितीची पाटी शेवटी वाचायची. आधी वाचली की सगळे तीच लांबवून लिहितात, अन् मग ऐकवत नाही बाप्पा!

सुरुवात मूळ कथेच्या कडेला असलेल्या माणसापासून करून पाहा. ब्रसेल्समधलं, सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याचं म्हणून ओळखलं जाणारं इकारसच्या (ग्रीक पुराणकथेत मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडाला अन् समुद्रात पडला तो) पतनाचं चित्र घ्या. समोर भलामोठा नांगरधारी शेतकरी, आणि बुडणाऱ्या इकारसचे नुसते पाय, तेही खाली उजवीकडे. त्या शेतकऱ्याच्या तोंडून लिहिलं की गोष्टच बदलते. अर्थात इकारस कोण हे आधी ठाऊक हवं, तेवढं तुमचं खरं.