मदत हवी आहे : सांझी कापताना जाळी तुटते

मथुरा-वृंदावनची सांझी शिकतेय. कागदात कृष्णलीला कातरायच्या, मग तो साचा जमिनीवर ठेवून वरून कोरडे रंग भुरभुरायचे. पितृपक्षात तिथल्या मंदिरांत अशा सांझ्या काढतात, फार देखणं काम असतं ते! गायी, कदंबाची पानं जमतात. अडतं ते जाळीत. दोन छिद्रांमधली कागदाची पट्टी अगदी बारीक उरली की कात्री वळवताना तुटते. जाड ठेवली तर नक्षीचा नाजूकपणाच जातो. तिथले कारागीर खास बारीक कात्रीने कापतात, म्हणून मलाही ब्लेड नकोय. कात्री स्थिर धरून कागद फिरवायचा का? सुरुवात मधल्या छिद्रांपासून करायची की कडेपासून? हातकागद किती जाड घ्यावा? मोराचा पिसारा अर्धा कापून थांबलेय, जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.