वुडलॉनची प्रार्थना आणि उकडलेल्या शेंगा

तिरकस_तात्या:
कालच्या ‘प्रार्थनेने वर्णद्वेष विरघळला’ या पोस्टीवर दोन ओळी लिहायला बसलो आणि डोकं इतकं फिरलं की वेगळा धागाच काढला. पोस्टीचं म्हणणं असं: १९७३, अमेरिकेत अलाबामातलं बर्मिंगहॅम, वुडलॉन हायस्कूल. काळी-गोरी पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली. हँक अर्विन नावाचा धर्मप्रचारक येऊन येशूबद्दल बोलला, शाळेची जवळजवळ अख्खी (अमेरिकन) फुटबॉल टीम पुढे आली, झालं गोकुळ. अहो, त्याच शहरात १९६३ साली रविवारी सकाळी चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मेल्या. बॉम्ब ठेवणारे कू क्लक्स क्लानवालेही (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना) बायबलच्याच शपथा घ्यायचे. वारीत पाया पडायचं आणि गावात परतल्यावर पाणवठा वेगळा, त्यातलाच प्रकार.

हंट्सव्हिलकर:
तात्या, अलाबामात वीस वर्षं काढलीत का? मी काढलीत. १९७४ ची वुडलॉन आणि शेजारच्या बँक्स हायस्कूलची मॅच बर्मिंगहॅमच्या लीजन फील्ड स्टेडियमवर ४२,००० लोकांनी पाहिली. शाळेची मॅच! आमचे शेजारी (गोरे, सत्तरी ओलांडलेले) तिथे होते. शेजारच्या काळ्या कुटुंबाबरोबर उकडलेल्या शेंगांची पुडी इकडून तिकडे फिरली, हे सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो. वुडलॉन १८-७ ने हरली, तरी त्यांच्या काळ्या खेळाडूचं, टोनी नेथनचं, नाव दोन्ही बाजूंच्या तोंडी होतं.

तिरकस_तात्या:
शेंगा खाल्ल्या आणि पुढे गोरे घरं विकून उपनगरात गेले. आज वुडलॉनमध्ये गोरी पोरं शोधून दाखवा. बँक्स तर बंदच पडली. बाकी नेथन पळायचा भारी, ते कबूल. त्याला पळायला प्रार्थना लागत नव्हती.

डॅलसची_आई:
तुमचं इतिहासाचं चालू द्या. माझा मुलगा आत्ता खेळतोय. मॅचनंतर कोच गुडघे टेकतो, पोरं गोल करतात. हा म्हणतो, “आई, गोलात नसलं की शनिवारी व्हिडिओ दाखवताना कोच आपलं नावच घेत नाही.” मैदानावर प्रार्थना करणाऱ्या कोचच्या बाजूने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दिलेल्या २०२२ च्या ब्रेमर्टन निकालानंतर तक्रार तरी कुठे करायची?

हंट्सव्हिलकर:
ताई, तो ६-३ चा निकाल कोचच्या वैयक्तिक प्रार्थनेपुरता आहे. पोरांवर दबाव टाकायची मुभा त्यात नाही.

डॅलसची_आई:
बरं वकीलसाहेब! दबाव कागदावर नसतो, बाकावर असतो. तिथे माझा मुलगा बसतो.

बँडवाला_बाबा:
देव राहू द्या, पैशाचं बोला. टेक्ससमधल्या ॲलनने २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचं शाळेचं स्टेडियम बांधलं, १८,००० खुर्च्या. २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद! आणि इथे माझ्या मुलीच्या क्लॅरिनेटचे पॅड मी रात्री डिंकाने चिकटवतो.

तिरकस_तात्या:
क्लॅरिनेटचा इथे काय संबंध?

बँडवाला_बाबा:
हाफटाइमला पोरी वाजवतात म्हणून तुमची मॅच रंगते, हा संबंध. बँडसाठी वर्गणी मागितली की सगळे मोबाइलमध्ये बघतात.

डॅलसची_आई:
बाबा, आमच्याकडेही तेच. हेल्मेट दरवर्षी नवीन, तबल्यासाठी खोली मागितली तर ‘बजेट नाही’.

तिरकस_तात्या:
धाग्याचं पार भजं केलंत.

हंट्सव्हिलकर:
तात्या, आज शेजाऱ्यांना परत खोदून विचारलं. म्हणाले, शेंगा त्या काळ्या कुटुंबाच्या होत्या. यांनी नुसत्या खाल्ल्या, त्यांचं नावही विचारलं नाही. घ्या, लावा तुमच्या खात्यात.

बँडवाला_बाबा:
आणि बँड कुठल्या शाळेचा चांगला होता, ते विचारलंत का?