गारगोटी नसली तरी

वरती एका भाऊंनी लिहिलंय की दाबल्यावर वीज फक्त गारगोटीतून येते, म्हणून यवतमाळच्या काळ्या दगडात ती नाहीच. अर्धं बरोबर. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला, दाबल्यावर वीज येण्याचा परिणाम क्वार्ट्झसारख्या (म्हणजे गारगोटीसारख्या) स्फटिकांचा, आणि आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, क्वार्ट्झ नावालाच. पण भरपूर क्वार्ट्झ असलेल्या ग्रॅनाइटमध्येही स्फटिकांची तोंडं वाट्टेल तशी असतात, त्यामुळे बरीचशी वीज आपसातच कटते.

खरी गंमत पुढे आहे. संशोधक फ्रीडेमान फ्रॉइंड आणि सहकाऱ्यांनी गॅब्रोचा, म्हणजे बेसाल्टच्याच घडणीच्या खडकाचा, एक भाग दाबला. न दाबलेल्या भागाकडे प्रवाह वाहिला! खनिजांतले ऑक्सिजनचे जोडबंध ताणाने तुटून धनभार मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

भंडाऱ्याकडच्या पांढऱ्या गारगोट्या अंधारात घासून बघाच, आतून पिवळसर उजेड दिसतो. तो मात्र घासण्या-तुटण्याचा. दाबाच्या विजेचा पुरावा म्हणून धरू नका.