वडिलांच्या घराची विक्री : तीन वारस, एक खरेदीखत आणि भांडवली नफ्यावरील कर

प्रश्न : कृष्णाकाठ

कराडमधील आमचे घर वडिलांनी 1984 मध्ये बांधले. ते 2019 मध्ये वारले. मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे मिळकतपत्रिकेवर आई, मी आणि धाकटी बहीण अशी तिघांची नावे वारस म्हणून लागली आहेत. घर 42 लाखांना विकायचे ठरले असून फेब्रुवारी 2026 मध्ये खरेदीखत व्हायचे आहे. आई 71 वर्षांची आहे आणि दरमहा साधारण पंधरा हजार रुपये कुटुंब निवृत्तिवेतनाखेरीज तिला दुसरे उत्पन्न नाही. बहीण बारा वर्षांपासून कॅनडात राहते. एजंटाचे म्हणणे असे की, सरसकट साडेबारा टक्के कर भरून मोकळे व्हावे. शिवाय बहिणीने आधी माझ्या नावे हक्कसोडपत्र (घरातील आपला हक्क सोडल्याचा दस्त) करून द्यावे आणि मी तिचा वाटा नंतर पाठवावा, म्हणजे कागदपत्रे सोपी होतील. खरेदीदाराची इच्छा पाच लाख रोख देण्याची आहे. यातील कोणते बरोबर आहे?

उत्तर : जमाखर्च

घर एक असले तरी कर तीन वेगवेगळ्या व्यक्तींचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. तिघांचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी 14 लाख. वडिलांचा 1984 चा खर्च शोधत बसू नये. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या मिळकतीसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. मात्र ते त्या वेळच्या मुद्रांक शुल्कासाठीच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा आणि त्यात रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरतक्त्याचा) आधार आहे ना, ते पाहावे. समजा हे मूल्य 6 लाख निघाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 2 लाख येतात.

23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला दोन पद्धतींनी (निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून वीस टक्के) हिशेब करून जो कर कमी पडेल तेवढाच भरता येतो. महागाई निर्देशांक न लावता आपला नफा 12 लाख आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर 1,50,000 रुपये होतो. निर्देशांक 2001-02 साठी 100 आणि 2025-26 साठी 376 आहे. तो लावला तर 2 लाखांचे 7,52,000 होतात, नफा 6,48,000 उरतो आणि वीस टक्क्यांनी कर 1,29,600 होतो. दोन्हींवर चार टक्के उपकर वेगळा. विक्रीची किंमत 2001 च्या मूल्याच्या साधारण 8.36 पटींहून कमी असेल, तर यंदा वीस टक्क्यांचाच मार्ग स्वस्त पडतो. पुण्या-मुंबईच्या भावांवर तयार झालेला एजंटाचा ठोकताळा कराडच्या घराला लागू पडेलच असे नाही.

आईंच्या बाबतीत आणखी एक सवलत आहे. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही. निवृत्तिवेतन वजावटीनंतर दीड लाखाच्या आसपास राहते, म्हणून उरलेली सुमारे अडीच लाखांची मर्यादा या नफ्यापोटी वापरता येते. पण ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या भरवशावर राहू नये, कारण ती सूट अशा विशेष दराच्या नफ्याला मिळत नाही. कर वाचवण्यासाठी सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत पैसे गुंतवता येतात, पण ते पाच वर्षे अडकतात आणि व्याजही करपात्र असते. लाखभराच्या करासाठी आईंचा पैसा मी तरी अडकवणार नाही. आपल्याला 15 मार्चपूर्वी आगाऊ कर भरावा लागेल; आईंना ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि व्यवसायाचे उत्पन्न नसल्याने तो भरावा लागत नाही.

रोखीबद्दल थोडक्यात सांगतो. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर लागू शकतो. पाच लाख घ्याल आणि पाच लाखच भराल.

उत्तर : परदेशी भाचा

वरील हिशेब बहिणीला लागू होत नाही. अनिवासी व्यक्तीला वीस टक्के आणि निर्देशांकाचा पर्याय नाही, तसेच करमुक्त उत्पन्नाची उरलेली मर्यादाही या नफ्यापोटी वापरता येत नाही. तिचा कर 12 लाखांवर साडेबारा टक्के, उपकरासह 1,56,000 होईल. त्यातही मोठी अडचण खरेदीदाराची आहे. निवासी विक्रेत्याकडून मिळकत घेताना पन्नास लाखांखाली टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागत नाही, अनिवासी विक्रेत्याला मात्र अशी मर्यादाच नाही. खरेदीदाराला टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) घेऊन तिच्या वाट्यातून कर कापावा लागेल, आणि घाबरून त्याने पूर्ण 14 लाखांवर कापला तर 1,82,000 जातील. ते टाळण्यासाठी बहिणीने फॉर्म 13 भरून प्राप्तिकर खात्याकडून कमी दराचे प्रमाणपत्र आधीच मागवावे. आमच्या मामांच्या घराच्या वेळी हे खरेदीखताच्या आदल्या दिवशी कळले आणि नोंदणी सात आठवडे पुढे गेली.

हक्कसोडपत्राचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. ते खरोखर विनामोबदला असेल, तर 28 लाखांचा व्यवहार तुमचा ठरतो आणि कर तुमच्यावर येतो. नंतर तिला वाटा पाठवलात, तर तो मोबदलाच मानला जाऊ शकतो आणि दस्तातील ‘विनामोबदला’ हा शब्द खोटा पडतो. तिने मुखत्यारपत्र पाठवावे आणि तिचे पैसे थेट तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) जावेत.

उत्तर : खातेवही

एक शंका आहे. वारसांकडे मिळकत 2019 मध्ये आली, तर निर्देशांक 2019-20 चा, म्हणजे 289, धरावा लागत नाही का? प्राप्तिकर कायद्यातील निर्देशांकाच्या कलमाचे शब्द तसेच वाचले जातात.

उत्तर : जमाखर्च

शब्द तसे आहेत खरे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मंजुला शहा प्रकरणात आधीच्या मालकाच्या काळापासून निर्देशांक मोजावा, असे ठरवले. ते प्रकरण बक्षीसपत्राचे होते, पण तत्त्व वारसाहक्कालाही लावले जाते. विवरणपत्र भरणाऱ्या सनदी लेखापालाला हा निर्णय दाखवून ठेवावा.

प्रश्नकर्ता : कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. खरेदीदाराने टॅनसाठी अर्ज केला असून रोखीचा विषय मी बंद केला आहे. वडिलांच्या ट्रंकेत 2009 मधील गच्चीच्या नव्या स्लॅबचे 92,000 रुपयांचे बिल सापडले. कार्बनची अक्षरे पुसट झाली असली तरी आकडा आणि तारीख वाचता येते. याचा उपयोग होईल का?

उत्तर : जमाखर्च

होईल. रंगरंगोटी किंवा डागडुजी धरता येत नाही, पण नवा स्लॅब म्हणजे सुधारणेचा खर्च. बिल 2009-10 या आर्थिक वर्षातील असेल, तर त्या वर्षाचा निर्देशांक 148 धरून 92,000 चे सुमारे 2,33,700 होतात. तुमच्या तिसऱ्या हिश्शावर त्यामुळे साधारण साडेपंधरा हजारांचा कर वाचतो. बहिणीला निर्देशांक नसल्याने जेमतेम 3,800 रुपयांचा फायदा होईल. अक्षरे आणखी उडण्यापूर्वी बिलाची रंगीत प्रत काढून ठेवावी, आणि तो खर्च वडिलांच्या बँक पासबुकात दिसतो का, तेही पाहावे.