ज्येष्ठता यादी: नव्या कंपनीत वरचा नंबर की मोठ्या कंपनीत खालचा?

बोरीवलीकर
धाकट्याचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय, टाइप रेटिंग (ठराविक विमान उडवायचं प्रशिक्षण) व्हायचंय. घरचे ‘इंडिगो, नाहीतर एअर इंडिया’ म्हणून मागे लागलेत. माझं मत उलटं. पासष्टीपर्यंत उडायचं तर ज्येष्ठता यादीत, म्हणजे कंपनीत कोण आधी लागलं त्या क्रमात, लवकर लागलेलं बरं, आणि वरचा नंबर नव्या कंपनीतच मिळतो. अकासा 2022 मध्ये सुरू झाली, 226 मॅक्सची (बोइंग 737 मॅक्स विमानांची) ऑर्डर आहे. विमानं येतील तशी कमांड (कॅप्टनपद) मिळेल. मोठ्या कंपनीत हजारो जण आधीच पुढे उभे.

रनवे_27
ऑर्डर म्हणजे विमान नव्हे हो! जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचं दाराच्या जागचं पॅनेल हवेत निखळलं, अमेरिकेच्या विमान नियामक एफएएनं बोइंगला महिन्याला 38 मॅक्सच बनवायची मर्यादा घातली, आणि इकडे अकासाचे भरती झालेले पायलट विमानांची वाट बघत बसले. उड्डाणंच नाहीत तर एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे) 1500 तास भरणार कधी? वरचा नंबर काय फ्रेम करून लावायचा? शिवाय अकासाकडे फक्त 737, लांब पल्ल्याचं मोठं विमान नाही. इंडिगोनं 60 ए350 सांगितलीत, एअर इंडियाकडे 777 आणि 787 आहेतच. धाकट्याला उद्या लंडन-न्यूयॉर्क करावंसं वाटलं तर?

कलिना_जुनी_कॉलनी
दोघंही विलीनीकरण विसरलात. कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक करताना भांडणं होतात. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या, तरी 2012 मध्ये ड्रीमलायनरचं (787 चं) ट्रेनिंग कुणाला द्यायचं यावरून पायलटांचा संप झालाच. अमेरिकेत यूएस एअरवेज-अमेरिका वेस्टची यादी 2007 मध्ये लवादानं लावून दिली, तरी भांडण वर्षानुवर्षं कोर्टात. विस्तारा तर परवा-परवा, नोव्हेंबर 2024 मध्ये, एअर इंडियात गेली. आणि 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज थांबली तेव्हा यादीतला पहिला आणि शेवटचा एकाच रस्त्यावर.

बोरीवलीकर
काकू, जेट मोठीच होती की! म्हणजे मोठी कंपनी सुरक्षित, हा मुद्दा तुम्हीच खोडलात.

उजवी_सीट
मी एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, नाव सांगत नाही. तुम्ही अमेरिकेचं गणित इथे लावताय. तिकडे बेस (कुठल्या शहरातून उडायचं), रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), रजा, कुठलं विमान, सगळं नंबरावर. कॅप्टननं कंपनी बदलली तर तो पुन्हा तळाला, सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर. म्हणून ते पहिली कंपनी जपून निवडतात. आपल्याकडे तयार कॅप्टन दुसऱ्या कंपनीत थेट कॅप्टन म्हणूनच जातो. म्हणजे यादीत तुमच्या पुढे बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो, आणि तुम्हीही दुसरीकडे तसेच जाऊन बसू शकता. फक्त 2017 पासून नोटीस पिरियड फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला वर्षभर. त्यामुळे पहिली कमांड जिथे लवकर, तिथे जावं. म्हणजे भरपूर तास मिळतील तिथे. सध्या ते मोठ्या ताफ्यातच मिळतात. माझं मत रनवे_27 कडे.

रनवे_27
बघा! आणि बोरीवलीकर, बेसचं काय? डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय. पहाटे सहाचं फ्लाइट उलव्याहून निघालं तर बोरीवलीत पिकअपची गाडी कितीला येईल?

बोरीवलीकर
तेव्हा तो पनवेलला राहील, त्यात काय! बेस मुंबई देणार की बेंगळुरू, एवढं मात्र आधी विचारून घ्यायला सांगतो. मत अकासाचंच.

कलिना_जुनी_कॉलनी
त्याबरोबर बॉन्ड (तोवर कंपनी सोडायची नाही असा करार) किती वर्षांचा, तेही विचारा.